आरोपी अपराधी दिसत नाही

ठाण्याच्या आमच्या कॉलेजात टी.वाय.ला असताना आम्ही एक एकांकिका बसवली होती. ती स्पर्धेत का पडली, यावर परवा बॅचच्या ग्रुपवर पुन्हा एकदा चर्चा झाली... सत्तावीस वर्षांनी. आणि दोषी पुन्हा तोच ठरला, भरत.

मला इतका वैताग आला की फोन बाजूला ठेवून कपाटातली तेव्हाची डायरी काढली. आपल्याला आठवतं ते खरंच तसं होतं का, हे एकदा तपासावं म्हणून.

त्या वर्षी आम्हाला एक कोर्टातली इंग्रजी कादंबरी नेमलेली होती. गोऱ्यांच्या गावात एका काळ्या माणसावर खोटा आळ येतो, वकील जीव तोडून लढतो, सगळे पुरावे त्याच्या बाजूने असतात... तरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. आम्ही सगळे ती वाचून पेटलो होतो. मी तिची मराठीत एकांकिका केली.

भूमिका वाटायला नाटक बसवणारे आमचे सर, मी आणि माझी एक मैत्रीण असे तिघे बसलो. वकिलाचं शेवटचं भाषण चौघांनी वाचून दाखवलं. भरत वाचत होता तेव्हा व्हरांड्यातून जाणारे प्यून दाराशी थांबले होते.

भरत कोपरचा, खाडीवरच्या कोळ्यांच्या घरातला. रंगाने वर्गात सगळ्यांत काळा. डायरीत माझ्या अक्षरात लिहिलं आहे... "भरतचं वाचन सर्वांत चांगलं. वकील समीर. भरत आरोपी, दिसायला शोभेल." त्याच्या खाली कॅन्टीनमधल्या इडलीबद्दल दोन ओळी आहेत.

म्हणजे मला काही खटकलंच नव्हतं. माणसाला रंगावरून जोखू नये, हे सांगणाऱ्या नाटकात मी रंगावरून माणूस निवडला... आणि पुढे इडली खाल्ली. सर म्हणाले म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण तिघांपैकी एक मत माझं होतं.

समीर गोरा, चष्मेवाला, नौपाड्याच्या पांढरपेशा वस्तीतला. वकील दिसायचा छान, फक्त भाषण विसरायचा. भरतला तीन वाक्यं होती. रंगीत तालमीला मेकअपवाले काका त्याला बघून म्हणाले, "याला काय लावायचं, देवानेच लावून पाठवलाय." सगळे हसले. मीही हसले. भरतही हसला, म्हणून तेव्हा ते चालून गेलं.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. शिक्षा ऐकताना आरोपी मान खाली घालतो, असं मी लिहिलं होतं. भरत ऐकेना.

"मी केलं नाय ना काय? मग मान खाली कशाला?"

"अरे, प्रेक्षकांना तुझी कीव यायला नको का?"

"कीव कशाला पायजे?"

मी त्याला हट्टी म्हणाले. तालमीत तो मान खाली घालायचा. डोंबिवलीला स्पर्धेच्या दिवशी मात्र त्याने घातली नाही... नाटकातल्या कोर्टाचा निकाल वाचून होईपर्यंत सरळ समोर बघत उभा राहिला.

आमचा नंबर आला नाही. परीक्षकांचा शेरा सरांनी वाचून दाखवला, तो डायरीत आहे. "आरोपीच्या चेहऱ्यावर अपराधी भाव दिसत नाही. किंचित उद्धट वाटतो."

आता जरा विचार करा. या गृहस्थांनी पाऊण तास बसून आरोपी निर्दोष आहे हे सांगणारं नाटक बघितलं, आणि मग तो अपराधी दिसत नाही म्हणून गुण कापले. समीर तिसऱ्या परिच्छेदावर अडखळला होता, त्याबद्दल एक अक्षर नाही... आणि आम्ही वीस जणांनी तो शेरा निमूट मान्य केला. कॅन्टीनमध्ये भरतला धारेवर धरलं. मी तोंड उघडलं नाही. मनातून मलाही पटलंच होतं.

तर परवा समीरने ग्रुपवर टाकलं, "भरत्या, तुझ्या मानेने नंबर घालवला रे." खाली हसरे चेहरे, एक भरतचासुद्धा.

मी चार वेळा लिहून खोडलं. शेवटी पाठवलं... वाचन भरतचं सर्वांत चांगलं होतं, वकील तोच व्हायला हवा होता, त्याच्या रंगामुळे आम्ही त्याला आरोपी केलं, त्यात मी होते. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा आल्या. अर्ध्या तासाने कोणीतरी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ टाकलं.

संध्याकाळी भरतचा फोन आला. त्याने सांगितलं, स्पर्धेच्या दिवशी त्याची आई मासळीबाजार आटपून नाटक बघायला आली होती, मागे दाराशी उभी होती. त्याआधी मानपाड्याच्या एका कंपनीतल्या चोरीत त्याच्या काकाला उगाच पकडलं होतं. सहा महिने आत होता, खरा चोर नंतर सापडला. ठाण्याच्या कोर्टात तारखेला डबा घेऊन आईच जायची.

"काका तिथे मान खाली घालून उभा राहायचा, ते तिने बघितलेलं," तो म्हणाला. "तेच परत तिला दाखवू का?"

तेव्हाच का नाही सांगितलंस, एवढंच विचारलं.

"तुम्ही लोक नंबर नंबर करत होता. कोणाला सांगू?"

मी माफी मागितली. तो म्हणाला, ठीक आहे गं, आता काय. मग हे सगळं लिहू का, म्हणून विचारलं. काकाचं नाव घालू नको म्हणाला. आणि मग, "पण वकिलाचं मी चांगलं वाचलेलं, ते नीट लिही."

नीट लिहिलंय, भरत. तेव्हाच्या डायरीतही आहे... ते मी तेव्हाच सगळ्यांना वाचून दाखवायला हवं होतं.