तांबडी आणि युरियाची बादली

आमची तांबडी गाय ह्यांच्या चाऱ्यानं मेली नव्हती. माझ्या हातच्या पाण्यानं मेली.

काल दुपारी उमरग्याच्या दवाखान्यात हे वारले. आता तरी खरं लिहायला पाहिजे.

ऐंशी सालानंतरच्या एका दुष्काळातली गोष्ट. आमच्या लग्नाला दोन वर्षं झालेली. हे सरकारी पशुधन पर्यवेक्षक, पोस्टिंग जळकोटजवळच्या एका खेड्यात.

कडबा संपला होता. दूध सोसायटीनं ट्रकभर भाताचा पेंढा आणला, तर जनावरं नुसतं हुंगून तोंड फिरवायची. खाल्लाच तर अंगी लागायचा नाही.

हे म्हणाले, युरिया मापून पाण्यात विरघळवायचा, पेंढ्यावर शिंपडायचा, दाबून रचायचा आणि तीन आठवडे हवाबंद झाकायचा. पेंढा मऊ होतो, पचतो.

लोक घाबरले. "सायेब, युरिया पिकाला घालत्यात. जनावराला इख हाय ते!"

"आधी माझ्या गाईला घालतो," हे म्हणाले.

तांबडी आमची एकुलती एक. माझ्या माहेरहून आलेली.

पहिले दोन दिवस तिनं तोंड लावलं नाही. मग थोडं थोडं. आठवड्यानंतर गव्हाण चाटून साफ!

हे रोज चारा तोलून टाकायचे, उरलेला परत तोलायचे. दर रविवारी वजनाचा अंदाज घ्यायला तिच्या छातीला टेप लावायचे. एका रविवारी माप वाढलं. ह्यांना इतकं मोकळं हसताना मी तोवर बघितलं नव्हतं.

शेजारचे दगडूकाका रोज बघायला यायचे. शेवटी म्हणाले, "सायेब, माझ्या बैलांला बी करा. आता ऱ्हावंना मला."

त्यांच्या पेंढ्यासाठी ह्यांनी अंगणात बादलीभर युरियाचं पाणी कालवलं. तेवढ्यात कुणाची तरी म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं.

"अगं, ह्या बादलीला हात लावू नकोस," एवढं सांगून हे सायकलवर गेले.

मी ऐकलं होतं. खरंच ऐकलं होतं.

मग टँकर आला. भांडण, धक्काबुक्की. एक बादली पाणी घेऊन मी घामाघूम परत आले आणि ती त्या बादलीशेजारीच टेकवली. तांबडी तहानेनं हंबरत होती. मी घाईत एक बादली उचलून तिच्यापुढं ठेवली.

चुकीची.

थोड्याच वेळात ती थरथरायला लागली. तोंडाला फेस, पोट फुगलेलं. हे आले, बादली बघितली, ह्यांना सगळं उमगलं. ह्या विषावर उतारा व्हिनेगरचा, पण ते गावात कुठलं मिळणार? चिंचेचा कोळ पाजत राहिले.

दिवस मावळायच्या आत ती गेली.

गाव जमलं. "चाऱ्यानंच मेली," कुणीतरी म्हणालं.

मी तोंड उघडणार, तर हे माझ्याकडं न बघताच बोलले, "चाऱ्यानं नाही. युरियाचं पाणी मी उघडं ठेवलं, ते ती प्याली. चूक माझी."

मी गप्प बसले.

लोकांनी विश्वास ठेवला नाही. पेंढा कुणीच नेला नाही, तो तिथंच कुजला. दगडूकाकांचे बैल खंगत गेले. एक दावणीलाच मेला. काका वाटेत दिसले की हे थांबायचे, काका मान खाली घालून निघून जायचे.

ह्यांना मेमो मिळाला. बदली झाली.

पुढं जिथं जिथं शेतकऱ्यांना हे शिकवलं, तिथं सुरुवात एकच. "माझी स्वतःची गाय मेली आहे. का मेली, ते आधी ऐका."

कधी कधी मीही मागं बसून ऐकायची. दर वेळी वाटायचं, आज उठून सांगावं.

नाही उठले.

परवा दवाखान्यात मी शेवटी ह्यांच्याशी बोलले. "अहो, तिच्यापुढं बादली मी ठेवली होती. सांगू का सगळ्यांना?"

ह्यांनी डोळे उघडले. "तू दमून आली होतीस. पाणी झाकून जायचं काम माझं होतं."

इतकी वर्षं मला वाटायचं, हे मला पाठीशी घालतात. तसं नव्हतं हो. ह्यांना खरंच स्वतःची चूक वाटत होती. आयुष्यभर.

मी रडायला लागले. हे हळूच म्हणाले, "लई गुणाची होती गं ती."

त्यानंतर ह्यांचा आवाज ऐकला नाही.

अहो, निवांत झोपा आता.

शेवटचा जयभीम.