ह्यांच्या बदली साक्ष

देवाला आवाजच हवा होता तर माझा न्यायचा. मी तो नाहीतरी भांडायलाच वापरते. पण धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं ते माझ्या नवऱ्याचं. हे ख्रिस्ती मंडळीचे पाळक, उभा जन्म गावोगाव सुवार्ता सांगत फिरलेले. आता गळ्याला भोक, त्यावर फडकं, आणि बोलायला गेले की नुसती हवा.

तरी घरी बसतील तर शपथ. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात दर रविवारी चार बाया प्रार्थनेला जमायच्या. ह्यांचं आजारपण लांबलं तशा त्याही पांगायला लागल्या. ह्यांना तेच खात होतं. एका रविवारी बायबल पिशवीत घातलं आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणजे बोलायचं मी! मला काय येतं, कपाळ? पण गेले मी.

ओट्यावर बाया बसल्या. मी एक अध्याय वाचला आणि पुढे सुचेना. ह्यांनी छातीवर हात ठेवून वर बोट दाखवलं. साक्ष दे. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं. काय भलं केलं होतं त्यानं?

"माले साक्ष देता येत नही," मी म्हटलं.

समोरच्या म्हाताऱ्या अक्कानं रानाच्या जमिनीपायी कोर्टाचे उंबरे झिजवलेले. तिला साक्ष ठाऊक ती तिथलीच.

"भिऊ नको, बहीन," ती म्हणाली. "जे देखं तेच सांग. खोटं सांगू नको."

मग मला आवरेना. सांगून टाकलं. उपास केले, तेल लावून प्रार्थना केल्या, गुडघे सुजले. ज्यानं आयुष्यभर त्याचं नाव घेतलं त्याचाच गळा त्यानं चिरू दिला. हे रडतात तेसुद्धा ऐकू येत नाही. देवानं आमचं ऐकलं नाही, एकदाही नाही. बोलता बोलता मी रडत होते. ह्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

बाया उठून जातील असं वाटलं. कुणी हललं नाही.

"तो ऐकस नही," अक्कानं विचारलं, "मंग आठे काब्र उनात तुम्ही?"

मग इथं का आलात, हे विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. असल्या प्रश्नांना आजवर उत्तर द्यायचे ते हेच, म्हणून सवयीनं मी ह्यांच्याकडे वळले. तर हेही उत्तरासाठी माझ्याच तोंडाकडे बघत होते.