खंडेनवमीआधी काढलेला कपॅसिटर

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या आयसी चिप मिळायच्या नाहीत, मुंबईहून पोस्टानं यायच्या. त्या मागवून मी कॉलेजात चादरी मोजायचं यंत्र बनवलं. बटण दाबलं की लाल आकडा एकनं वाढायला हवा, पण माझा कधी तीननं, कधी चारनं वाढायचा. फिजिक्सचे सर भर वर्गात म्हणाले, "पोरी, हात थरथरतोय तुझा. भरतकाम कर की."

माझं डोकंच फिरलं. महिनाभर त्या बटणामागे लागले, तेव्हा कळलं की दोष हाताचा नव्हताच. शहाबादी फरशीवर गोटी टाकली की ती थांबण्याआधी दोन-चार उड्या मारते. बटणातली पितळी पट्टीही टेकताना तशीच उडते, आणि यंत्र प्रत्येक उडी मोजतं. नव्या पेठेतल्या रेडिओवाल्याकडून छोटा कपॅसिटर आणून बटणाला जोडला; तो त्या बारीक उड्या गिळून टाकतो. आकडा शिस्तीत चालू लागला.

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. त्या वर्षी एक मोठे चादर-कारखानदार पाहुणे म्हणून यायचे होते. आदल्या दिवशी पाहते तर माझ्या यंत्रापुढे पुठ्ठ्याची पाटी, आणि पाटीवर सरांचं नाव!

"पाहुण्यांसमोर पोरीचं नाव बरं दिसत नाही," सर म्हणाले. "मार्गदर्शन माझंच आहे की."

कसलं मार्गदर्शन! पण मी वाद घातला नाही. सगळे गेल्यावर कपॅसिटर काढला आणि पर्समध्ये टाकला. वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि ऐटीत बटण दाबलं. आकडा एकदम चार. "कुंकू गेलं असेल आत," म्हणत त्यांनी फुंकर मारली, पुन्हा दाबलं. सात.

"एका चादरीचं चार व्हय?" कारखानदार म्हणाले. "गिऱ्हाईक हाणतंय की मला!"

सगळे हसले. सर माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "बघ की जरा."

"बघते. आधी पाटी बदला."

"नंतर बदलू."

"आधी."

प्राचार्य बघत होते, पाहुणे बघत होते. सरांनी पेन काढलं, स्वतःचं नाव खोडलं आणि खाली माझं लिहिलं. शाई वाळेपर्यंत पाटी हातातच धरा म्हटलं, तर बिचारे धरून उभे राहिले. कपॅसिटर पुन्हा जोडायला मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

ते दोन मिनिटांत तापलं. मी पाच मिनिटं थांबले.