नखाएवढा निळा

आमच्या संग्रहालयाच्या कार्यशाळेत त्यांना सगळेच मावशी म्हणायचे, पण त्या खऱ्या मावशी एकाच मुलीच्या. ती भाची शाळेत असताना सुट्टीत इथे येऊन बसायची, "मावशी, मावशी" करून डोकं खायची, आणि ते नाव आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसलं. मी चौकटी करणारा सुतार. माझं आणि मावशींचं टेबल शेजारी शेजारी. माझा भुसा त्यांच्याकडे आणि त्यांची बोलणी माझ्याकडे, अशी आमची तीस वर्षांची देवघेव.

बाई फटकळ. जुनी चित्रं पुस्तकं वाचून कळतात, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जुना चित्रकार कसं रंगवायचा हे समजून घ्यायचं तर आधी त्याचा रंग स्वतः घोटा, असं त्या म्हणायच्या. मग निळा दगड कुटायचा, त्याची पूड मेण, राळ आणि तेलाच्या गोळ्यात मळायची, गोळा तीन दिवस झाकून ठेवायचा आणि राखेच्या निवळीत दाबत बसायचं. दगडातली घाण गोळ्यात राहते आणि निळा तेवढा पाण्यात उतरतो. मोठमोठे प्राध्यापक हे शिकायला यायचे आणि बोलणी खाऊन जायचे. मला विचाराल तर निम्म्यांना ती कमीच पडायची.

भाचीनं पुढे हाच विषय घेतला. संग्रहालयातलं सगळ्यात नावाजलेलं चित्र म्हणजे खिडकीशी उभी असलेली निळ्या शालीतली बाई. चित्रकार तीनशे वर्षांपूर्वीचा, आणि त्यानं जन्मभर तेलातच रंगवलं अशी सगळ्यांची समजूत. भाचीनं शालीवरचा सुईच्या टोकाएवढा नमुना तपासला आणि दाखवून दिलं, की निळा रंग तेलात नाही, अंड्याच्या बलकात कालवलेला आहे. तेल पिवळं पडतं, निळा मळतो, म्हणून त्या हुशार माणसानं निळ्यापुरती वाट बदलली. पाच वर्षांची मेहनत या एका गोष्टीवर उभी होती. नात्यातलं माणूस नको म्हणून मावशींना या कामापासून लांब ठेवलं होतं.

शुक्रवारी तोंडी परीक्षा. मंगळवारी भाची बांधलेला प्रबंध घेऊन आली आणि नमुना कुठून घेतला त्याचा फोटो तिनं कौतुकानं मावशींपुढे धरला. शालीचा खालचा कोपरा, भेगेच्या कडेला. आमच्या धंद्यात नमुना नेहमी असाच घेतात. धडधाकट जागेला कोण हात लावू देणार? मावशींनी फोटो पाहिला, छान म्हणाल्या, तिला पोटाशी धरलं. ती गेल्यावर त्या माझ्याकडे येऊन भुशातच स्टुलावर बसल्या.

"तो निळा माझा आहे," त्या म्हणाल्या.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चित्र साफ करताना त्यांनी कापसाचा बोळा त्या भेगेजवळ जरा जोरात फिरवला होता आणि अंगठ्याच्या नखाएवढा रंग बोळ्यावर आला होता. नियम असा, की दुरुस्ती पुन्हा काढता येईल अशा रंगात करायची आणि नोंदवहीत लिहायची. बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी स्वतः काढलेला निळा बलकात कालवला, कारण तो तासाभरात सुकतो आणि तेलाला महिने लागतात. जागा भरली आणि अवाक्षर काढलं नाही. काम इतकं बेमालूम, की कुणालाही शंका आली नाही. दगडाला वय नसतं, आणि वाळलेल्या अंड्याचं वय आमच्याकडची यंत्रं सांगू शकत नाहीत.

मी काय सांगितलं ते लपवत नाही. गप्प बसा म्हटलं. निवृत्तीला चार महिने उरलेत, कुणाला कळणार नाही, पोरीचं वाटोळं का करता? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

बुधवार आणि गुरुवार मला नको झाले. बाई मला एका शब्दानं रागावल्या नाहीत, भुसा थेट त्यांच्या वाटीत उडाला तरी. दोनदा भाचीच्या घरी जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा न सांगताच परतल्या. पोर नवे कपडे इस्त्री करत होती म्हणे. कसं सांगणार?

शुक्रवारी सभागृहात आम्ही मागच्या रांगेत बसलो. भाची छान बोलली. बाहेरगावचे परीक्षक मान डोलावत होते. कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी म्हटलं आणि माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मी मावशींचा पदर धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच, रागावल्यासारखा. परीक्षक म्हणाले, बाई, आजच्या हाताला असा रंग जमणं शक्य नाही, पुरावा काय? मावशींनी पडद्यावरच्या नमुन्याच्या मोठ्या चित्राकडे बोट दाखवलं. निळ्याच्या खाली एक बारीक तंतू होता. प्रबंधात तो चित्रकाराच्या कुंचल्याचा केस ठरला होता आणि त्यावर दोन पानं खर्ची पडली होती. "तो केस नाही. माझ्या बोळ्याचा कापूस आहे," मावशी म्हणाल्या. भाचीला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, सगळा दोष आपला एकटीचा, असंही त्यांनी बजावलं.

सगळे भाचीकडे बघू लागले. ती पांढरीफटक पडली होती. आता ही रडणार किंवा मावशीला खोटं पाडणार, असं मला वाटलं.

"केसाला खवले दिसतात," ती हळू म्हणाली. "याला कापसासारखा पीळ आहे. मला तो तीन वर्षांपूर्वीच दिसला होता, तरी मी केसच लिहिला."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. पदवी मिळाली नाही. सहा महिन्यांत पुन्हा लिहून आणा म्हणाले, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. मावशींच्या चौकशीचं पत्र संध्याकाळच्या आत निघालं.

बाहेर व्हरांड्यात मावशींनी भाचीचा दंड धरला. स्वतःचं सांगताना कोरडे असलेले त्यांचे डोळे आता भरून वाहत होते, आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. काय गरज होती गं तुला बोलायची? मी सगळं अंगावर घेत होते ना, मग मध्ये कशाला तोंड उघडलंस?

भाचीनं दंड सोडवून घेतला नाही.

"तू तीस वर्षं गप्प राहिलीस," ती म्हणाली, "त्यावर माझा प्रबंध उभा राहिला. मी गप्प राहिले असते, तर त्यावर कुणाचा राहिला असता?"