आमिशांच्या दारी सांत्वनाला

आता तुमच्यापासून काय लपवायचं! आधी चहा घ्या, मग हसा. अमेरिकेत जाऊन एका परक्या घरात मी स्वतःची अशी काही शोभा करून घेतली, की लेक अजून फोनवर आधी तेच काढते.

मी आणि हे लेकीकडं, पल्लवीकडं गेलो होतो. ती म्हणाली, चला, आमिश लोकांची जुनी खेडी दाखवते. हे लोक घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीतून फिरतात. आमच्या ह्यांना तर गावाकडं मोडनिंबच्या शिवारात आल्यासारखंच वाटलं. एका घोड्याचे दात बघायला निघाले होते, मीच आवरलं.

रस्त्याकडेला लोणच्याचं दुकान होतं. पल्लवी आत गेली आणि आम्ही दोघं शेजारच्या घरापुढं जाऊन उभे राहिलो. अंगणात चाळीसेक घोडागाड्या. पुरुष काळ्या कोटात, बायकांच्या अंगावर फुटका मणी नाही. एवढी माणसं जमलेली, पण आवाज म्हणून नाही.

"अगं, मयत हाय की हितं," हे हळूच म्हणाले. "तसंच म्होरं जाणं बरं दिसतंय व्हय?"

तुम्हीच सांगा, आपण सोलापूरची माणसं मयताच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ का? हे बाकावर जाऊन खाली मान घालून बसले. मी थेट बायकांत शिरले. मधोमध निळ्या झग्यातली विशीतली एक पोर बसली होती, डोळे भरलेले. बाई गं, एवढ्या कोवळ्या वयात नवरा गेला! तिला छातीशी धरलं आणि "सॉरी, व्हेरी सॉरी" म्हणत असा काही गळा काढला, की विचारू नका. पोरही रडायला लागली. तिची आई आली, तीही रडायला लागली. कुणीतरी जेवणाची ताटली पुढं केली. मयताच्या घरी घास उतरतो का? मी ती परत सारली.

तेवढ्यात पल्लवी धावत आली. चेहरा पांढराफटक.

"आई, सोड तिला. लग्न आहे इथं. ती नवरी आहे."

मी तिला झटकन सोडलं. हलगी नाही, हार नाही, हळद नाही, आणि लग्न? भरल्या शुभकार्यात मी मढ्यापुढचं रडणं रडले होते! त्या पोरीच्या संसाराला माझा अपशकुन नको, एवढंच मनात येत होतं. पल्लवीनं हात जोडून त्यांना सगळं सांगून टाकलं.

नवरीची आई डोळे पुसत हसली. म्हणाली, लेक दुसऱ्या घरची होणार म्हणून सकाळपासून हुंदका दाबून होते, तुमच्या आईमुळं मोकळी झाले. मग आम्हाला हाताला धरून जेवायला बसवलं. फार मायेची बाई हो.

जेवताना तिनं पल्लवीला विचारलं, "तुझ्या लग्नात तर तुझी आई किती रडली असेल!"

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं.

"माझ्या पाठवणीला आई गाडीजवळ नव्हतीच," ती म्हणाली. "आत उरलेली जिलबी डब्यात भरत होती."