चार डब्या, एक खोकला

चौघींचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले आणि त्या चौघीही ठणठणीत होत्या. थांबा, नीट सांगते, नाहीतर नेहमीसारखी मधूनच सुरू होईन.

तंजावरहून आमची एक व्हॅन निघते. आत एक्स-रेचं छोटं मशीन, बेडक्यातला टीबी शोधणारं दुसरं मशीन, एक डॉक्टर, आणि मी, नवीकोरी लॅब टेक्निशियन. तपासणीसाठी तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे ज्यांची दिवसाची मजुरी बुडते, त्यांच्या दारात आम्हीच जातो. तेव्हा पापनाशमच्या पुढच्या एका वस्तीत होतो. भाताची लावणी जोरात चाललेली. एका टोळीतल्या चौघी म्हणाल्या, थोडा खोकला आहे. त्यांचे एक्स-रे काढले, डब्या दिल्या आणि मी मोठ्या रुबाबात सांगितलं की सकाळी उठल्या उठल्या छातीतून बेडका काढायचा, नुसती थुंकी असेल तर परत पाठवीन, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं.

सकाळी डब्या आल्या. काय सुंदर सॅम्पल! मी तर डॉक्टरांना दाखवत सुटले, बघा, एकदा सांगितलं की लोक किती छान ऐकतात.

आणि मग चारही पॉझिटिव्ह. एक्स-रे मात्र चौघींचे स्वच्छ. एकीचं समजू शकते, पण चौघींचं? मला वाटलं मी लेबलं चुकवली. मग वाटलं मशीन बिघडलं. मग वाटलं मी हे शिक्षण घ्यायलाच नको होतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, जाऊन विचारून ये.

गेले. चौघी गुडघाभर चिखलात, वाकून रोपं लावताहेत. बांधावरून विचारलं, अक्का, ते तुमचंच होतं ना? एकमेकींकडे बघून त्या हसायला लागल्या. शेवटी सगळ्यात बोलकी होती ती कंबर सरळ करून म्हणाली, "आमचा निघेचना ग. तू परत पाठवलं असतंस तर अजून एक सकाळ गेली असती. मग जिचा निघत होता तिने भरून दिल्या."

मला कळेचना. दुसऱ्याच्या डबीत? तिला माझं न कळणंच कळेना. लावणीत एखादी मागे पडली की शेजारची तिची ओळ लावून टाकते, टोळी एकदमच बांधावर येते, त्यात विचारायचं काय? तसंच हे. वर तिने असंही सुचवलं की गोळ्या चौघींच्या नावावर येऊ देत, आम्ही त्या तिला नेऊन देतो.

तिला म्हणजे कुणाला, हे कुणी सांगेना. सगळ्या पुन्हा वाकल्या. मी बडबडत राहिले, गोळ्या वजन बघून देतात, तिच्या घरच्यांनाही तपासायला हवं, लहान मुलं असतील तर फार लवकर तपासायला हवं. मग पलीकडच्या कोपऱ्यातून रोपांच्या जुड्या टाकत एक बाई आली. टोळीची मुकादमीण. तिने डबीही घेतली नव्हती, एक्स-रेही काढला नव्हता, वेळ नाही म्हणाली होती.

"तू रायरांच्या घरची ना?" तिने विचारलं. आम्हा मराठी लोकांना इकडे रायर म्हणतात. "हे शेत कुणाचं, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. खरंच. मी शहरात वाढलेली, शेतं मला सगळी सारखीच दिसतात. ते माझ्या काकांचं होतं. टोळीला बोलावणं तिच्या नावाने येतं, आणि मुकादमीणच खोकते हे कळलं तर काका लावणीचं मशीन आणतील, सगळ्याच घरी बसतील. म्हणजे इतके दिवस ती खोकला लपवत होती तो आमच्याच घरापासून, आणि मी त्याच घरची, तिच्या दारात डबी घेऊन उभी.

"घरी सांगशील?" तिने विचारलं.

नाही म्हटलं. तेव्हा कुठे तिने स्वतःच्या नावाने डबी दिली. ती अर्थात पॉझिटिव्ह. गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी तिला सध्या घरी राहायला सांगितलं, घरच्यांची तपासणी झाली.

आणि त्याच आठवड्यात जेवताना काकांनी विचारलं, मुकादमीण शेतावर दिसत नाही, तुमच्या व्हॅनमध्ये काही निघालं काय ग? मी म्हटलं, ते सांगता येत नाही, काका.

"मला? मी काय परका आहे?" त्यांनी रस्समची वाटी बाजूला सारली. "नसेल सांगायचं तर राहू दे. मी मशीनवाल्याला फोन करतो. रोगी टोळी मला नको."

सांगितलं तर एकीला दिलेला शब्द मोडतो, नाही सांगितलं तर सगळ्यांचं काम जातं. आणि तोंडातून काय निघालं तर, "काका, खोकला तुम्हालाही आहे. शेतावर तुम्हीही जाता. तुमचीही डबी घेते." हा विचार नव्हता हो, नुसतीच घाबरले होते. पण खोकला होताच त्यांना, काकू लगेच म्हणाली, किती दिवस सांगतेय मी.

सकाळी काकांनी डबी दिली. मी उजेडात धरली. नुसती थुंकी. उद्या परत, म्हटलं. उद्याही थुंकीच. एवढे शिकलेले काका, बाथरूममधून विचित्र आवाज येताहेत आणि काकू दाराबाहेरून सूचना देतेय. शेवटी एकदाचं जमलं. डबी माझ्या हातात देताना त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"रिपोर्ट येईपर्यंत कुणाला बोलू नकोस. शेतावर तर नाहीच नाही."

"कुणाचंच सांगत नाही मी, काका."

त्यांनी माझ्या हातातल्या डबीचं झाकण स्वतः आवळून बघितलं. मग आत गेले.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मशीनवाल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्यांना माझं म्हणणं समजलं म्हणून, की रोपं मोठी होत होती आणि मशीन मिळालं नाही म्हणून, मला काहीच सांगता येत नाही. उरलेल्या लावणीला टोळी ठरल्या दिवशी आली. मुकादमीण घरून फोनवर सगळ्यांना ओरडत होती. काकांनीही तिच्याशी फोनवर बराच वेळ घासाघीस केली, आणि फोन ठेवून मला विचारलं, तिचा आवाज बसलाय का ग?

माहीत नाही, म्हटलं.