नववं खळं

सोलापुरात आता चारी बाजूंनी घरं झाली, पण पश्चिमेचा वारा सुटला की मला तो माळ आठवतो आणि दोन दिवस कशात लक्ष लागत नाही. माणसाला गावाची ओढ लागावी, आईच्या हातच्या भाकरीची लागावी. मला एका उजाड गोल्फच्या मैदानाची लागते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. मोहोळच्या सडकेवर, पण कुठल्याही गावापासून दोन कोस लांब, उंच माळावर खात्याचा बंगला होता. त्याच्या देखभालीला मी. थंडीत साहेबलोक तिथे चार दिवस आरामाला येत, म्हणून कुणा हौशी साहेबानं बंगल्याभोवती नऊ भोकांचं गोल्फ मांडून ठेवलं होतं. गवत म्हणाल तर कुसळं, आणि पाण्याच्या नावानं बोंब. त्यामुळे प्रत्येक भोकाभोवती हिरवळीऐवजी वाळू पसरून तिच्यात मोटारीचं जळकं तेल मुरवलेलं. अशी नऊ काळपट वर्तुळं. आम्ही त्यांना खळी म्हणायचो. खळ्यावर खेळून झालं की काठीला बांधलेलं गोणपाट ओढत फिरायचं आणि आपली पावलं, चेंडूची रेघ सगळं पुसून टाकायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला खळं कोरं मिळतं. आमच्या मागून होल्या-पारव्यांशिवाय कुणी येत नसे. तरी मी पुसायचो. सरकारी नोकर होतो ना!

साहेब नसताना त्यांच्या काठ्या घेऊन खेळायची मला मुभा होती. बायकोबद्दल कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. ती वैरागकडची, शेतकऱ्याच्या घरातली, चार भावांत विटीदांडू खेळून वाढलेली. लग्न होऊन बंगल्याशेजारच्या माझ्या दोन खोल्यांत आली आणि आठ दिवसांत वैतागली. म्हणाली, "हितं बोलायला कावळा बी न्हाय. ती काटी आणा हिकडं." तिच्या पहिल्याच फटक्याला चेंडू माझ्या चेंडूच्या पुढे जाऊन पडला. वारा मागून होता, असं मी म्हणालो.

मग उन्हाळाभर रोज पहाटे आम्ही खेळायला लागलो. कासोटा घट्ट खोवलेला, पदर कमरेला, पाय अनवाणी. दगडगोटे तिला बोचत नसत. फटका बसला की ती लगेच चालू पडायची, चेंडू कुठं गेला ते बघायला थांबायचीसुद्धा नाही. मी मागून दोन्ही काठ्या घेऊन. आयुष्यात मी इतका सुखी पुन्हा कधी झालो नाही.

पण खेळायचो आठच. नववं खळं बंगल्याच्या ओसरीसमोर, सडकेच्या काठाला होतं. तिथून बाजाराच्या गाड्या जात. ओव्हरसियरची बायको पदर खोचून साहेबांची काठी हाणते, ही बातमी मोहोळला पोचायला किती वेळ? आठवं झालं की मी चेंडू उचलून खिशात टाकायचो.

"नवव्यानं काय पाप केलंय?" ती रोज विचारायची. "एकदा तरी पुरं खेळू की. अर्ध्या ताटावरनं उठल्यागत वाटतं मला."

"लोक बघतील," मी म्हणायचो.

एका सकाळी सडक रिकामी होती आणि बंगल्याचा राखणदार त्याच्या लेकीकडे गेला होता. ती आठव्यावरून थेट नवव्याकडे चालायलाच लागली. तीन फटक्यांत खळ्याच्या कडेला आली. भोक तिथून चांगलं पंधरा पावलांवर. तिनं एकदा बघितलं, श्वास घेतला आणि चेंडू ढकलला. तो तेलाच्या वाळूत रेघ काढत गेला आणि भोकात पडला. ती हसली नाही, नाचली नाही, नुसती उभी राहिली. मी गोणपाट उचललं तर तिनं काठी धरली.

"राहू द्या की आज. माजी रेघ हाय ती. च्या घेऊ, मग पुसा."

मी राहू दिलं. चहाला आधण आलं न आलं तोच ओसरीपुढे मोटार थांबली. माळशिरसकडे निघालेला आमचा इंजिनियर साहेब, न कळवता. मी टोपी घालून धावलो, तेव्हा तो खळ्याशी उकिडवा बसला होता. गोल्फचं वेड होतं त्याला. इतक्या लांबून, इतकी सरळ! कुणी मारला, म्हणून त्यानं मला विचारलं.

आमचं दार उघडं होतं. आत बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"मी, साहेब," मी म्हणालो.

मग त्यानं रेघेच्या सुरुवातीची लहान, अनवाणी पावलं दाखवली. एखादी धनगरीण आडवी गेली असेल, असं मी सांगितलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. साहेबानं माझी पाठ थोपटली आणि तोच फटका पुन्हा मारून दाखवायला लावलं. माझा चेंडू भोकापासून हातभर लांबून निघून गेला. नशीब दोनदा येत नाही, म्हणून तो हसला. मीही हसलो.

तो गेल्यावर घरात गेलो. तिनं चहा पुढे ठेवला. भांडली असती, रडली असती तर मी पाय धरले असते. तेवढा तरी मी बरा होतो. ती फक्त म्हणाली, "गार झालाय. परत करू का?"

दुसऱ्या पहाटे मी काठ्या घेऊन दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "तुमी जावा. मला दळाण हाय." त्यानंतर रोज दळण होतं. पावसाळ्याच्या तोंडाला माझी सोलापुरात बदली झाली. पुढे तीस वर्षं तिनं माझा संसार केला आणि कधी एका शब्दानं मला टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

ती जायच्या आधीच्या वर्षी नातीला शाळेत धावण्याचं बक्षीस मिळालं. ते दाखवत तिनं आजीला विचारलं, "आज्जी, तू कधी काय खेळलीस का गं?"

मी तिथेच बसलो होतो. वाटलं, आता तरी सांगावं. ओठापर्यंत आलं होतं.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "आमच्या वेळी बायका कुटं खेळायच्या?"

ती माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबली. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.